आतली कडी

तालुक्याच्या शिबिरातून खुर्ची आली ती
मोठ्या माणसाच्या मापाची.
निळं रेक्झिन, पाठीवर देणगीदारांची नावं,
आणि मध्ये उर्वी मेतर, वय वर्षं दहा,
टोपलीच्या तळाशी राहिलेल्या एका सुंगटासारखी.
पाय हवेत. मान एका अंगाला.
सर्जेकोटच्या पुळणीत पुढची चाकं रुतली
ती दोघांनी उचलून काढली.
तिची आई म्हणाली, "मेस्त्रीनू, बघा काय जमता काय."

मी होड्या बांधणारा माणूस.
फायबर आल्यापासून बांधतो कमी,
डागडुजीच जास्त.
माप घ्यायची माझी रीत एकच,
सुंभाची दोरी आणि गाठी.
तशीच तिची मापं घेतली.
कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक गाठ,
गुडघ्यापासून टाचेपर्यंत दुसरी,
कोपर टेकतं तिथे तिसरी.
दोरीच्या गुदगुल्या होऊन ती हसायची,
हसली की सगळं अंग ताठ,
माप चुकायचं,
परत पहिल्यापासून.

कुडाळहून बाई यायच्या व्यायाम घ्यायला,
एकाआड एक गुरुवारी.
म्हणाल्या, कंबर काटकोनात हवी, गुडघे काटकोनात, टाचाही.
मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षांत
मला काटकोनाची गरज पडली नाही,
होडीत तो नसतोच.
त्या हसल्या नाहीत. गुण्या आणा, म्हणाल्या.
आणला. गंज खरवडला.

पायाखाली फणसाची फळी.
बगलेत जाळ्याचे जुने बोये, उभे चिरून, धुऊन
(तरी आठवडाभर मांजर खुर्चीमागे फिरत होतं).
पुढे हातगाडीची रुंद चाकं, मालवणच्या भंगारातली.
ब्रेकच्या दांड्याला वल्ह्याची मूठ, डावीकडे,
कारण उजवा हात तिचं ऐकत नाही.

मांडीवरचा पाट पहिल्यांदा चुकला,
हनुवटीलाच लागायचा.
दुसऱ्यांदा मांडीवर लाल वळ उठला.
होडी गळते तेव्हा पाणीच दाखवतं, कुठे ते.
हिने तोंडाने सांगितलं,
एकेक अक्षर ओढत, जाळं ओढावं तसं.
मी घाईने तिचं वाक्य पुरं करायला गेलो
तर गप्प झाली.
मग परत पहिल्यापासून.

शाळेची सोय झाली, सगळे म्हणाले.
ग्रामपंचायतीने फोटो काढला.
फोटोत ती बघतेय भलतीकडेच,
घरामागे, संडासाच्या दाराकडे.
दुसऱ्या दिवशी मला तिथे नेलं,
स्वतः चाक ढकलत,
आणि मान वर केली. कडी वर होती,
मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीला.
"माका... आतून... लावूची हा."

उंबरठा तासला, उताराची फळी टाकली.
भिंतीत आडवी दांडी, जुन्या डोलकाठीचा तुकडा.
खुर्चीवरून सरकायला पाट, मेण चोळून.
कडी खाली आणली,
तिला दोरी, दोरीला बोया,
डाव्या मुठीत मावेल एवढा.
अकरा दिवस सराव. सहाव्या दिवशी पडली.
"पोराक मारशात, मेस्त्रीनू," आई ओरडली
आणि मी दोन दिवस तिकडे फिरकलो नाही.
तिसऱ्या दिवशी निरोप आला.
आईचा नव्हे, उर्वीचा.

मग एका सकाळी
फळीवर चाकं वाजली, दार ओढलं गेलं,
बराच वेळ काहीच नाही,
आणि खट्.

आई बाहेर उभी,
हात अर्धा पुढे, दहा वर्षं असायचा तसा.
"गो, झाला काय?"
"जा तू."
ती गेली. ओट्यावर बसली,
खवले काढून ठेवलेले मासे
परत खवलायला लागली.

मी कुठेच खिळा मारलेला नाही.
सगळीकडे बोल्ट. पाना खुर्चीलाच बांधलाय, सुतळीने.
परवा तिला दोरी लावून बघितली,
गुडघ्यापासून टाचेपर्यंत.
बोटभर आखूड पडली.